प्लॅटिनमचा पक्का पत्ता

आमच्या प्रयोगशाळेत क्लोरोप्लॅटिनिक ॲसिडची नारिंगी बाटली कुलपात असायची. थेंब सांडला तर तो पुसलेला टिश्यूसुद्धा वेगळ्या डब्यात जाई. डबा भरला की टिश्यू जाळून राखेतून धातू परत मिळवायचा. नव्या विद्यार्थ्यांना हा चिकटपणा वाटे. खरी उधळपट्टी मात्र मोटारींत चालते.

मोटारीच्या धुराच्या नळीत बसणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनमचे बारीक कण ॲल्युमिनासारख्या सच्छिद्र पावडरीवर पसरलेले असतात. वायूंशी गाठ पडते ती फक्त पृष्ठभागावरच्या अणूंची. कण दोन नॅनोमीटरचा असेल तर जवळपास निम्मे अणू बाहेर. दहा नॅनोमीटरचा झाला की दहातला एखादाच. बाकीचे आत बसून, तेही याच भावात! आणि तापल्यावर कण एकत्र येतात, उपम्यात रव्याच्या गुठळ्या व्हाव्यात तसे. त्यामुळे कन्व्हर्टरच्या म्हातारपणाची तरतूद म्हणून आधीच जास्तीचा धातू घालावा लागतो.

2016 साली न्यू मेक्सिको विद्यापीठातल्या अभय दात्ये यांच्या गटाने ‘सायन्स’मध्ये उलटीच गोष्ट मांडली. ती आम्ही करून पाहायची ठरवली. एका क्रुसिबलमध्ये प्लॅटिनम लावलेला ॲल्युमिना, दुसऱ्यात तोच, पण फिकट पिवळ्या सेरियात, म्हणजे सेरियम ऑक्साइडच्या पावडरीत, खलून. दोन्ही रात्रभर हवेत, 800 अंशांवर.

सकाळी क्ष-किरणांच्या आलेखात पहिल्या नमुन्यात प्लॅटिनमची सुईसारखी शिखरं उभी होती. म्हणजे कण फुगले होते. दुसऱ्यात शिखरच नाही. धातू उडाला की काय? नमुना आम्लात विरघळवून मोजला, तर प्लॅटिनम होतं तेवढंच.

इतक्या तापमानाला ऑक्सिजन असेल तर प्लॅटिनम ऑक्साइडच्या वाफेच्या रूपात भटकतं. ॲल्युमिनावर ते मोठ्या कणांना जाऊन मिळतं. सेरियाच्या पृष्ठभागावर अणूएवढ्या उंचीच्या पायऱ्या असतात. तिथे त्याचा एकेक अणू अडकतो, सुटाच राहतो. जी उष्णता नासवायची, तीच इथे पसरवण्याचं काम करत होती.

आमच्या सरांनी मात्र पेढे मागवले नाहीत. कार्बन मोनॉक्साइड सोडल्यावर कमी तापमानाला हे सुटे अणू ढिम्म हलेनात. इतके घट्ट बसलेले. 2017 मध्ये ‘सायन्स’मध्येच आलेल्या पुढच्या कामात 750 अंशांवर पाण्याची वाफ देण्याचा उपाय होता. आम्हीही वाफ दिली, आणि तोच नमुना पूर्वीपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला कामाला लागला. मग सरांनी लगेच दुसरी चाचणी सांगितली: आता हाच नमुना पुन्हा 800 अंशांवर टाका.