हौदातला पाहुणा

परसात पोहण्याचा तलाव ही अमेरिकेतल्या लोकांची हौस. आम्हा बार्शीकरांच्या परसात असतो तो हौद. त्यात पोहायचं नसतं. किती भरलाय एवढंच दिवसातून चार वेळा डोकावून पाहायचं असतं. दुष्काळी मुलखात भरलेला हौद म्हणजे बँकेतली ठेवच!

पण या ठेवीचे वारसदार पुष्कळ. एप्रिलात पारा चाळिशी ओलांडतो आणि खार, सरडा, साळुंकी, बेडूक, सगळे हौदाच्या काठावर हजर होतात. काठावरून आत पडायला कितीसा वेळ लागतो?

आमचे शेजारी अण्णा म्हणतात, "अहो, बेडूक कुठं बुडतो होय? त्याला काय पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकवायचंय?"

खरं आहे. पण बेडूक मरतो तो पोहता येत नाही म्हणून नव्हे, बाहेर निघता येत नाही म्हणून. घोटलेल्या सिमेंटवर पाय ठरत नाहीत. बिचारा कडेकडेने फिरून दमतो आणि संपतो. खारीचंही तेच. जुन्या आडाच्या दगडांत फटी असायच्या, खोबणी असायच्या. पडलेला जीव काहीतरी धरून वर यायचा. आम्ही सुधारलो आणि चकचकीत फरशी बसवली.

अमेरिकेत एका वन्यजीवशास्त्रज्ञाने यासाठी काठाला टांगायची कापडी चढण शोधून काढली. आपल्याकडे तिला गोणपाट म्हणतात! पिण्याच्या हौदाला झाकण घालावं. वापराच्या हौदात गोणपाट सोडावं, एक टोक काठावर दगडाखाली, दुसरं थेट तळापर्यंत. म्हणजे पाणी उतरलं तरी वाट राहते.

"हौदाची शोभा जाते हो," अण्णा म्हणाले.

"आणि सकाळी मेलेली खार तरंगताना दिसली, की वाढते का?"

अण्णा गप्प. संध्याकाळी मात्र आमच्याकडे गोणपाट मागायला आले.

हौदाचं एक ठीक आहे. २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' ही सरकारी योजना आली आणि शिवारात तळी वाढली. त्यांतलं प्लास्टिकचं अस्तर ओलं झालं की लोण्यासारखं निसरडं. तिथं हरणाचं सोडा, पट्टीच्या पोहणाऱ्या माणसालाही वर येता येत नाही. भोवती कुंपण आणि चारही बाजूंनी काठाला पक्के बांधलेले, गाठी मारलेले दोर हवेतच. एवढ्या तळ्याच्या खर्चात दोराची किंमत ती काय?

तहानलेल्याला पाणी पाजणं हे आपल्याकडे पुण्य. पण पाहुण्याला पाणी देऊन दाराला बाहेरून कडी घालणं, हे कुठल्या शास्त्रात बसतं?