ठाण मांडलेले दुकानदार

इंग्रजीची स्पेलिंगे घोकून ज्यांचे बालपण कडू झाले, त्यांनी लंडनला गेल्यावर सेंट पॉल कॅथीड्रलच्या आसपासच्या गल्ल्या जरूर पाहाव्यात. मी गेलो होतो तो एका शब्दाच्या ओढीने.

'स्टेशनरी' हा शब्द इंग्रजीत दोन तऱ्हांनी लिहितात. शेवटच्या 'आर'आधी 'ए' आला तर अर्थ जागचे न हलणारे. 'ई' आला तर कागद, लखोटे, शाई. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून आपली फसगत व्हायची. पण खुद्द इंग्रजही येथे ठेचकाळतात!

त्या गल्ल्यांची नावे ऐकली की कुणी जप करीत चालले आहे असे वाटते: पॅटरनॉस्टर रो, ॲव्हे मरिया लेन, आमेन कॉर्नर. ॲव्हे मरिया लेनलगत 'स्टेशनर्स हॉल' आहे. जुना हॉल १६६६च्या आगीत गेला, आजचा त्यानंतरचा. त्याच्या अंगणात मला कोडे उलगडले.

पूर्वी बरेच विक्रेते पाठीवर माल घेऊन गावोगाव हिंडत. कॅथीड्रलभोवतीच्या पुस्तकविक्यांनी मात्र एका जागी ठाण मांडले, म्हणून ते 'स्टेशनर'. आपले 'स्थान' आणि 'ठाण' मुळात त्याच कुळातले! १४०३ साली त्यांचा संघ झाला, १५५७ साली त्याला राजसनद मिळाली. १६२३ साली शेक्सपियरच्या नाटकांचा मोठा संग्रह निघाला, त्याची नोंदही यांच्याच वहीत आहे. पुढे पुस्तकांचा धंदा वेगळा झाला. 'स्टेशनर'कडे कागद-शाई राहिली. बेकरची बेकरी, तशी स्टेशनरची स्टेशनरी. 'ई' आला तो असा.

म्हणजे दोन्ही शब्द एकाच घरचे. मुलांना छडीऐवजी एवढी गोष्ट सांगितली तरी स्पेलिंग जन्मभर पाठ राहील.

पण तेथून निघताना माझे मन जड झाले. पॅटरनॉस्टर रोमध्ये पुस्तकांच्या पेढ्या पिढ्यानपिढ्या नांदत होत्या. २९ डिसेंबर १९४०च्या रात्री जर्मन बॉम्बनी ती गल्ली पेटली आणि लाखो पुस्तकांची राख झाली. आज तेथे नव्या इमारतींचा चौक आहे. कचेरीतली माणसे कॉफी पीत बसतात. जागचे हलत नाहीत म्हणून ज्यांना नाव मिळाले, त्यांची जागाच एका रात्रीत गेली. त्यांचा 'ई' मात्र शाळेतल्या प्रत्येक वहीत अजून ठाण मांडून बसला आहे.