आधी बंदूक खाली ठेवायला शिका



२०२४ सालच्या ऑगस्टची पहिली तारीख आमच्या भागातली माणसं विसरायची नाहीत. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं त्या दिवशी पॅरिसच्या ऑलिंपिकात कांस्यपदक मिळवलं. प्रकार होता पन्नास मीटर रायफलचा. त्यात गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि उभं राहून असा तिन्ही तऱ्हांनी नेम धरावा लागतो. १९५२ साली हेलसिंकीला गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत पदक आणलं होतं. त्यानंतर महाराष्ट्राच्या माणसाला ऑलिंपिकात एकट्याच्या बळावर पदक मिळायला ७२ वर्षं लागली. आम्ही बायका त्या दुपारी भाताच्या भांगलणीला होतो. बांधावर एकीच्या मोबाईलभोवती सगळ्या गोळा झालो, आणि पदक मिळालं तेव्हा चिखलाच्या हातांनीच टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी चुलीपुढं बसले होते, तर आमची धाकटी जवळ आली. तेव्हा ती नववीला होती. म्हणाली, "आई, मला रायफल शिकायचीय. एन.सी.सी.च्या शिबिरात मी गोळ्या मारल्यात. सर म्हणाले, तुझा हात थिर हाय."

दुपारी टाळ्या वाजवणारी मी, तिच्यावर खेकसले, "या घरात बंदुकीचं नाव काढायचं न्हाई!"

पोर गप्प झाली. पण तुम्ही मला विचाराल, बाई गं, दुसऱ्याच्या पोराचं कौतुक आणि आपल्या पोरीला बंदी, हा कुठला न्याय? त्याचं कारण माझ्या माहेरात आहे.

माझं माहेर रानाच्या कडेला. ऊस आणि भुईमूग ही तिथली पिकं, आणि रानडुकरं तिथली वैरी. वडिलांकडं शेतराखणीच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. रात्री माळ्यावर जायचं, सकाळी घरी यायचं आणि बंदूक सोप्यातल्या कोपऱ्यात उभी करायची, असा शिरस्ता. कधी ती रिकामी असे, कधी भरलेली. ते वडिलांनाच ठाऊक, आणि कधी कधी त्यांनाही ठाऊक नसे. एका दिवाळीत आई सोपा सारवायला निघाली आणि माझ्या थोरल्या भावाला म्हणाली, "दादा, ती बंदूक जरा बाजूला घे." दादा बारा वर्षांचा. त्यानं नळीला धरून बंदूक उचलली. घोडा बाजेच्या सुंभात अडकला. बार झाला आणि दादाच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. तेव्हापासून घरात सगळ्यांनी बंदुकीला दोष दिला. बंदूक भरलेली ठेवणाऱ्याला कुणी बोललं नाही. मीही नाही.

आठ दिवस पोर माझ्याशी धड बोलेना. शेवटी आमचे हे म्हणाले, "शिकवायचं का न्हाई ते मागनं ठरवू. एकदा बघून तरी ये." माझ्या आत्याबाईंनीही त्यांचीच री ओढली. मग एका रविवारी लेकीला घेऊन एस.टी.त बसले आणि शहरातल्या एका रायफल क्लबात गेले. मनात ठरवलं होतं की काहीतरी खोट काढायची आणि परत यायचं.

आत एक लांबट खोली होती. एका टोकाला टेबलं, दहा मीटरवर दुसऱ्या टोकाला कागदाची लक्ष्यं. दहा-बारा मुलंमुली होती, पण गलका नव्हता. मला वाटलं होतं, आता धडाधड बार ऐकू येतील. तसलं काही नाही. दहा मीटरच्या खेळात रायफल हवेच्या दाबावर चालते. आवाज शेंग फुटावी एवढाच. छर्रा शिशाचा, साडेचार मिलिमीटरचा.

तिथल्या सरांनी माझ्या लेकीला रायफल दिलीच नाही. पहिल्या दिवशी टेबलावर ठेवलेल्या रायफलीपुढं उभं केलं आणि चार गोष्टी पाठ करून घेतल्या. नळीचं तोंड कायम लक्ष्याकडं. नेम धरेपर्यंत बोट चापाच्या बाहेर. हुकूम मिळाल्याशिवाय छर्रा भरायचा नाही. आणि काम झालं की रायफल रिकामी करून, नळीत दोरी घालून, खाली ठेवायची.

ही दोरी मी नीट बघून घेतली. झळझळीत नारिंगी रंगाची नायलॉनची दोरी, नळीच्या या तोंडातून त्या तोंडापर्यंत आरपार जाणारी. दोरी दिसली म्हणजे नळीत छर्रा नाही, हे लांबूनसुद्धा कळतं. गवत कापायच्या यंत्राला आपण जी दोरी लावतो, तीच बरेचजण वापरतात. सगळ्या रायफली खाली आणि सगळ्यांत दोऱ्या, असं झाल्याशिवाय एकही माणूस लक्ष्याकडं पाऊल टाकत नाही. काही वावगं दिसलं तर सगळ्यांत लहान पोरानंसुद्धा "थांबा!" म्हणून ओरडायचं, आणि सगळ्यांनी थांबायचं.

मी भिंतीला टेकून बसले होते. मला आमचा सोपा दिसत होता, ती बाज दिसत होती. खोट काढायला आलेली मी, पण तोंडातनं शब्द फुटेना. परत येताना एस.टी.त लेकीला एवढंच म्हणाले, "पुढच्या रविवारी येऊ."

आता तुमच्यापैकी कुणाच्या पोराला किंवा पोरीला ही हौस असेल, तर मला जे कळलं ते सांगते.

या खेळात बंदुकांच्या तीन जाती. रायफल, पिस्तूल, आणि हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या फोडायची छऱ्याची बंदूक. अमेरिकेत काही स्पर्धांत एकच खेळाडू या तिन्ही घेऊन, पळत पळत, घड्याळाशी शर्यत लावून नेम मारतो. आपल्याकडं गावाकडच्या पोरानं सुरुवात करायची तर हवेच्या रायफलीनं किंवा हवेच्या पिस्तुलानं करावी. दोन्ही हाताळून बघावं आणि मग एकच धरावं. दोन्ही दगडांवर पाय ठेवू नये.

पहिल्यांदाच बंदूक विकत घेऊ नका. सामन्याची परदेशी रायफल लाखांच्या घरात जाते, आणि पोराची हौस टिकेल की नाही हे सहा महिने कळत नाही. क्लबाच्या रायफलीवर शिकू द्या. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत जोर असलेल्या हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाही. पण परवाना लागत नाही म्हणून ती खेळणं होत नाही. त्या छऱ्यानं डोळा जातो. आणि तिनं पाखरं नि खारी मारत हिंडणं हा खेळ नव्हे. तो कायद्यानं गुन्हासुद्धा होऊ शकतो. छर्रे शिशाचे असतात, म्हणून सरावानंतर साबणानं हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू देऊ नका.

उभं राहायची रीत मात्र आपल्या पोरींना शिकवावी लागत नाही. डाव्या हाताचं कोपर कमरेच्या हाडावर टेकवायचं आणि रायफलीचं ओझं हाडावर घ्यायचं, दंडावर नाही. आपण पाण्याची घागर कमरेवर घेतो, त्यातलाच हा प्रकार. सामन्याची रायफल साडेपाच किलोपर्यंत भरू शकते, ती नुसत्या दंडावर तासभर कोण पेलणार? श्वास हळू सोडायचा, थोडा रोखायचा, नेम बसला की चाप अलगद दाबायचा. हिसका मारला की छर्रा भलतीकडं जातो. रायफल प्रकारात दहा गुणांचा मधला ठिपका अर्धा मिलिमीटर असतो, खसखशीच्या दाण्याहून मोठा नाही. मोठ्या सामन्यात असे ६० छर्रे मारायचे असतात.

घरी रोज सराव हवा, पण त्याला छर्रे लागत नाहीत. आमची पोर भिंतीवर खडूनं ठिपका काढून, रायफलीच्या वजनाची काठी घेऊन रोज अर्धा तास उभी राही. आत्याबाई आधी हसायच्या. मग त्याच हाक मारायला लागल्या, "काठी धरलीस का गं आज?"

सहा महिन्यांनी जिल्ह्याची स्पर्धा आली. या खेळाची चढण अशी असते. आधी जिल्हा, मग राज्य, मग देशपातळीवरची मावळंकर स्पर्धा, आणि त्यात ठरलेले गुण मिळाले तर राष्ट्रीय. हे मावळंकर म्हणजे लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर. १९५१ साली देशाची रायफल संघटना निघाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष तेच होते.

स्पर्धेला जायच्या आदल्या दिवशी दादा आमच्याकडं आला होता. भाचीची स्पर्धा आहे कळल्यावर म्हणाला, "मीबी येतो." मला धस्स झालं. दादानं इतक्या वर्षांत बंदुकीला हात लावला नव्हता. वडील गेल्यावर परवाना धाकट्या भावाच्या नावावर झाला होता आणि बंदूक त्याच सोप्यात, त्याच कोपऱ्यात उभी असायची.

पोरीचा सामना ४० छऱ्यांचा होता. हुकूम झाला, सगळ्यांनी रायफली उचलल्या. शेजारच्या पोरांचे चार-चार छर्रे झाले तरी आमची एकावरच. ती रायफल खांद्याला लावी, गाल टेकवी, नेम धरी, आणि चाप न दाबता रायफल खाली घेई. पुन्हा तसंच. माझा जीव वरखाली व्हायला लागला. घड्याळ पळत होतं. मी दादाला म्हणाले, "पोर भ्यालीय रं. मारत का न्हाई?"

दादा माझ्याकडं न बघता म्हणाला, "भ्याली न्हाई. मनासारखं जमलं न्हाई की खाली घेती. बघ की."

मग मीही तसंच बघायला लागले. नेम हलला की ती रायफल खाली घ्यायची, दोन श्वास घ्यायची आणि पुन्हा सुरुवात करायची. वेळ संपायला थोडा अवधी असताना तिचे ४० छर्रे पुरे झाले. तिला ४०० पैकी ३१८ गुण मिळाले. नंबर चौदावा आला आणि राज्य स्पर्धेला लागणारे गुण काही जमले नाहीत. पोर कोपऱ्यात जाऊन रडली. सरांनी तिला रडू दिलं आणि मग विचारलं, "न मारता किती वेळा खाली घेतलीस?" ती म्हणाली, "मोजलं न्हाई." सर म्हणाले, "पुढच्या खेपेला मोज. तेवढे वाईट छर्रे तू वाचवलेस."

दादा तोवर टेबलापाशी उभा होता. पोरीनं ठेवलेल्या रायफलीच्या नळीतून ती नारिंगी दोरी बाहेर आली होती. त्यानं उरलेल्या तीन बोटांत ती धरून बघितली. मग भाचीला म्हणाला, "ही कसली दोरी गं?" तिनं सांगितलं. तो म्हणाला, "गवताच्या यंत्राची? आमच्याकडं रिंगण पडलंय तिचं."

दुसऱ्या दिवशी तो गावी गेला. आठवड्यानं धाकट्या भावाचा फोन आला. दादानं त्याला समोर बसवून बंदूक रिकामी करायला लावली, नळीत दोरी घालायला लावली आणि ती कुलपाच्या पेटीत ठेवायला लावली. दारू आणि छर्रे वेगळ्या कुलपात. किल्ली एकाकडंच. "आक्का," धाकटा म्हणाला, "दादा आजवर कधी वडलांबद्दल बोलला नव्हता. त्या दिवशी म्हणाला, आबांचं चुकलं. आणि जेवायला बसला."

मंडळी, माझी लेक पुढं जाऊन पदक आणेल का, हे मला सांगता येत नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं २०१० साली म्युनिकला जागतिक विजेतेपद मिळवलं, राही सरनोबतनं २०१८ साली आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक आणलं. त्या वाटेवर चालणारी पोरं पुष्कळ आणि पोचणारी थोडी. लेक यंदाही रविवारी एस.टी. पकडते, आणि परत आली की आधी भांडी घासायला बसते. मला तेवढं पुरे आहे.

तुमच्या पोरानं असा हट्ट धरला तर माझ्यासारखं खेकसू नका, आणि लगेच दुकानातही धावू नका. जवळच्या क्लबात जा आणि विचारा, पहिल्या दिवशी काय शिकवता? "नेम" असं उत्तर आलं तर परत फिरा. "बंदूक खाली ठेवायला" असं आलं तर पोराला खुशाल सोडून या.

आणि ज्यांच्या घरात राखणीची बंदूक आहे, त्यांनी हा अंक खाली ठेवून आधी ती कुठं, कशी ठेवलीय ते बघून या. कोपऱ्यात उभी असेल तर आजची रात्र उजाडायची वाट बघू नका.