ओल्ड नंबर वन

बेंटलीची ही हिरवी स्पीड सिक्स, साडेसहा लिटरच्या इंजिनाची. सगळे तिला ‘ओल्ड नंबर वन’ म्हणत. १९२९ साली फ्रान्समधल्या ल मां इथे चोवीस तासांच्या शर्यतीत वुल्फ बार्नाटो आणि टिम बर्किन यांनी ती पहिली आणली. पुढच्या वर्षी बार्नाटोच्या जोडीला ग्लेन किडस्टन होता. प्रतिस्पर्धी कॅराचिओलाची सुपरचार्जरवाली मर्सिडीज रात्रीच बाद झाली आणि हीच गाडी पुन्हा पहिली आली. लागोपाठ दोनदा ल मां जिंकण्याचा मान तिच्याआधी कोणत्याही गाडीला मिळाला नव्हता.

पण या दोन विजयांतली गाडी तरी तीच होती का? शर्यत संपली की ती वर्कशॉपमध्ये उघडली जाई आणि जे थकलं, तुटलं, मागे पडलं, ते बदललं जाई. जिंकण्यासाठी जन्मलेल्या यंत्राचं आयुष्य असंच असतं. १९३१ साली बेंटली कंपनी बुडाली, पण गाडी धावतच राहिली. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सची पाचशे मैलांची शर्यत तिने जॅक डनफी आणि सिरिल पॉल यांच्या हातून जिंकली.

मग तिच्यात आठ लिटरचं इंजिन आलं. १९३२च्या सप्टेंबरात, त्याच शर्यतीत, जॅकने चाक आपला भाऊ क्लाइव्ह याच्या हाती दिलं. ब्रुकलँड्सचा ट्रॅक काँक्रीटचा, वळणावर भिंतीसारखा उभा चढलेला. पुढच्या गाडीला ओलांडताना क्लाइव्हची गाडी त्या चढाच्या कडेवरून पलीकडे गेली. क्लाइव्ह जागीच गेला. ही ओळ लिहिताना हात थांबतो, कारण मोठं इंजिन घालण्यामागची वेगाची ओढ मला आवडते, आणि तिची किंमत त्याने मोजली. नंतर बार्नाटोने मोडक्या गाडीतून रस्त्यावर चालवायची गाडी उभी केली.

१९९० साली लंडनच्या न्यायालयात प्रश्न आला. गाडीचा सौदा एक कोटी पौंडांना ठरला होता आणि घेणारा म्हणत होता, ही ती गाडीच नव्हे. न्यायमूर्ती ऑटन यांनी सुटे भाग तपासले. १९२९च्या गाडीतलं खात्रीने सांगता येईल असं जवळपास काहीच उरलं नव्हतं. १९३०चे उरले होते ते पेडलचा शाफ्ट, गिअरबॉक्सचं आवरण आणि स्टीअरिंग कॉलम. आपल्याकडे यात्रेच्या रथाची चाकं, आस, खांब पिढ्यान्‌पिढ्या बदलतात, पण नवा रथ आला असं गाव म्हणत नाही. ऑटन यांनी तेच पाहिलं. गाडी कधीही नाहीशी झाली नव्हती. तिचा एकेक टप्पा आधीच्या टप्प्यातून, शर्यतीच्या गरजेतून निघाला होता आणि तिचा इतिहास कुठेही तुटला नव्हता. हा निकाल मला पूर्ण पटतो. लोखंड जुनं राहावं म्हणून तिला कोपऱ्यात उभं केलं असतं, तर ती ‘ओल्ड नंबर वन’ झालीच नसती.

तीच खरी ‘ओल्ड नंबर वन’, असं न्यायालयाने ठरवलं. खरेदीदाराला सौद्यातून अंग काढता आलं नाही.