औषधाच्या चिठ्ठीत न मावणारा उपचार

म्हैसूरहून हुणसूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर येलवाल लागते. अणुऊर्जा खात्याच्या प्रकल्पामुळे तिथे वसाहत झाली आणि देशाच्या निरनिराळ्या भागांतली कुटुंबे नोकरीनिमित्त येऊन राहिली. अशाच एखाद्या मराठी घराची कल्पना करा. थकलेली आई गावाकडचे घर बंद करून मुलाजवळ राहायला येते. हळूहळू तिला वेळकाळाचे, माणसांचे भान राहात नाही. दिवेलागणीला ती पिशवी भरून दारात उभी राहते आणि म्हणते, "मला घरी जायचंय." सून समजावते, "अहो आई, हेच तर आपलं घर!" मग वाद, रडारड, अबोला.

डॉक्टर निदान करतात, स्मृतिभ्रंश. गोळ्या लिहून देतात. काही रुग्णांना त्या काही काळ उपयोगी पडतात. पण मूळ आजार बरा करत नाहीत. शिवाय संध्याकाळच्या त्या प्रश्नाला सुनेने काय उत्तर द्यायचे, हे चिठ्ठीवर कुठेच नसते!

हे दुखणे एका घराचे नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. इतक्या घरांना पुरतील एवढे तज्ज्ञ आणायचे कुठून?

याचे उत्तर गोव्याने दिले आहे. तिथल्या ८१ कुटुंबांवर केलेला प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. थोडक्या प्रशिक्षणाने तयार केलेले, स्थानिक भाषा बोलणारे कार्यकर्ते सहा महिने घरोघरी गेले. रुग्णाशी कसे वागावे, घरातल्यांनी काम कसे वाटून घ्यावे, हे त्यांनी सांगितले. मागे तज्ज्ञांचा आधार होताच. आजार हटला नाही. मात्र नुसती माहिती मिळालेल्या कुटुंबांच्या तुलनेत, सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण निश्चित कमी झाला. घर सावरले, तर रुग्णही सावरतो, हे का वेगळे सांगायला हवे?

दुसरा उपाय गटाने करायचा. लंडनच्या एमी स्पेक्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये २०१ रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. सात आठवडे, आठवड्यातून दोनदा, अशा १४ बैठका. गप्पा, जुन्या वस्तू, गाणी, शब्दांचे खेळ. स्मरणशक्ती आणि जगण्याची गोडी, दोन्हींत सुधारणा दिसली. सौम्य व मध्यम आजारासाठी ब्रिटनच्या आरोग्यव्यवस्थेत आज त्याची शिफारस केली जाते. चेन्नईच्या 'स्कार्फ' या संस्थेनेही तो आपल्याकडच्या रुग्णांसाठी वापरून पाहिला आहे.

पण यात खरी गोम भाषेची आहे. या उपचाराचे औषध म्हणजे बोलणेच. मागाहून शिकलेली भाषा अनेकदा आधी निसटते, मायबोली टिकते. येलवालच्या मराठी आईला कानडी गटात बसवून काय उपयोग? जात्याची, वारीची, पाडव्याच्या गुढीची आठवण तिच्याशी मराठीतच निघायला हवी. वसाहतीतल्या दोन-चार मराठी घरांनी आठवड्यातून एकदा ज्येष्ठांना एकत्र आणले, तरी सुरुवात होईल. तो प्रशिक्षित उपचार नव्हे, पण आईला बोलायला माणूस मिळेल.

बाकीचे काम आरोग्यव्यवस्थेचे. कर्नाटकात २०२२ पासून मेंदूच्या आरोग्यासाठी सरकारी उपक्रम सुरू झाला आहे. तिथे आणि आपल्या नेहमीच्या दवाखान्यातही निदानासोबतच कुटुंबाला शिकवणारी परिचारिका किंवा कार्यकर्ती मिळायला हवी. रक्तदाब मोजण्याइतकीच ती नित्याची गोष्ट व्हावी. सांभाळणाऱ्याचाच धीर सुटत असेल, तर सरकारच्या 'टेलि मानस' सेवेच्या १४४१६ क्रमांकावर मोफत बोलता येते. पुढच्या भेटीत डॉक्टरांना आपणही विचारावे, "गोळ्या कळल्या; पण आम्ही घरी वागायचं कसं?"

आणि सुनेने? वाद न घालता आईजवळ बसावे आणि म्हणावे, "आई, तुमच्या अंगणात काय काय होतं हो?" कदाचित पिशवी खाली ठेवून त्या तुळशीपासून सांगायला लागतील.