पगार मोठा की घर जवळ?

आमच्या धाकट्याने २०० तासांचे उड्डाण पूर्ण करून वैमानिकाचा परवाना काढला, आणि २५ मार्च २०२० रोजी देशातली प्रवासी विमानेच थांबली. २५ मेला ती पुन्हा उडाली, पण भरती बंदच. कर्जाचे हप्ते मात्र चालू. आम्ही पोटाला चिमटा घेऊन भरले.

पुढे दोन बोलावणी आली. दिल्लीला पगार जास्त, मुंबईला कमी. आम्ही राहतो कल्याणला. तो म्हणाला, "आई, दिल्लीला जायला रिकामी सीट मिळाली तर ठीक, नाही तर ड्युटी हुकेल. सुट्टीही प्रवासातच जाईल."

आम्ही मुंबई निवडली. कर्ज लांबले, पण सुट्टीला लेक घरी जेवतो. बंधू-भगिनींनो, मुलांना खूप शिकवा. नोकरी घेताना मात्र पगारासोबत वाटही मोजा.