दुसरी मोटार

दिंडोशीच्या चाळीत आम्ही भावंडं पुठ्ठ्याच्या मोटारी बनवायचो, ड्रॅग शर्यतीच्या. या शर्यतीत दोनच मोटारी, सरळ रस्ता आणि अंतर पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर. अब्बांनी हिशेब करून दिला: मोटार पंचविसाव्या हिश्शाची, तर रस्ता १६ मीटर. आमची गॅलरी जेमतेम तेवढीच!

पुढं सदऱ्याची बटणं, मागं बाटल्यांची मोठी झाकणं, आस सायकलच्या तारेचा, जोर ताणलेल्या रबराचा. खऱ्या मोटारीतही सुटताना भार मागं येतो, म्हणून मागची चाकं रुंद असतात. शेजारच्या मित्राची चाकं जागीच गरगरायची. आमची मोटार सुटायची. गुपित एवढंच, की आम्ही मागच्या चाकांवर जुन्या ट्यूबची पट्टी चिकटवली होती. त्यानं विचारलं, आम्ही सांगितलं नाही. तो यायचा थांबला.

मग गॅलरीत आमची एकटीच मोटार धावू लागली. अम्मीनं विचारलं, "जिंकलात, पण कुणाशी?"

आम्ही माना खाली घातल्या. ट्यूबच्या दोन पट्ट्या कापून त्याच्या दारी नेऊन दिल्या. दुसऱ्या दिवशी त्यानं आम्हांला हरवलं. त्या हरण्याइतका आनंद आम्हांला कुठल्याच जिंकण्यानं दिला नाही.